खण, खाट आणि २६९ चौरस फूट

आमच्या जऊळक्याच्या घराचा वाटणीचा कागद १९७४ सालचा आहे. आजोबा गेल्यावर माझे वडील आणि काका यांच्यात झालेली ही वाटणी. खाली पाच पंचांची नावे, त्यांतल्या दोघांचे अंगठे. या कागदात कुठेही फुटाचा हिशोब नाही. ‘उगवतीकडील चार खण थोरल्याकडे, मावळतीकडील तीन खण व गोठा धाकट्याकडे’ अशी मापे आहेत. शेवटून दुसरे कलम मात्र वेगळे आहे. ‘ओसरीत आईची खाट राहील. ती जागा कोणाच्याही वाटणीत धरलेली नाही.’

गेल्या वर्षी धाकट्या भावाच्या मुलाचे लग्न ठरले आणि वडिलांच्या वाट्याच्या चार खणांची आम्हा दोघा भावांत फोड करण्याची वेळ आली. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराची नोंद चौरस फुटांत लागते. म्हणून मी टेप घेऊन बसलो. आमचा एक खण साडेपाच फूट रुंद आणि सोळा फूट लांब भरला. चार खण म्हणजे ३५२ चौरस फूट. प्रत्येकी १७६. हा आकडा वहीत लिहिला आणि थांबलो. मुंबईच्या चाळींविषयी पूर्वी काही वाचन केले होते. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. सात खणांचे घर म्हणून गावात ज्याचा मान होता, त्याच्या तिसऱ्या पिढीच्या वाट्याला चाळीतल्या खोलीएवढी जागा येत होती.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. कुटुंबाला घरात किती जागा लागते, हे आजवर कोणी आणि कशावरून ठरवले? मी काही स्थापत्यशास्त्र शिकलेला माणूस नाही. पण जुने कागद वाचायची सवय आहे, आणि आकडा दिसला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय राहवत नाही.

*

पहिला शोध अर्थात खणाचा. चोळीचा खण असतो, कपाटाचा खण असतो. तिन्ही ठिकाणी अर्थ एकच, ठरलेल्या मापाचा तुकडा. घराचा खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. त्याची रुंदी ठरते ती तुळयांवर आडव्या टाकलेल्या बारीक लाकडांना वरच्या मातीचा भार किती पेलवेल यावर. त्याची लांबी ठरते सागाची तुळई केवढी मिळाली यावर. म्हणजे हे माप मुळात लाकडाचे होते. घरात माणसे पाच असोत की पंधरा, खण तेवढाच. माणसे वाढली आणि ऐपत असली, तर शेजारी आणखी एक तुळई चढवायची.

ही सोय शक्य होती, कारण गावात दोन प्रकारच्या जमिनी धरल्या जात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. सारा काळीवर. पांढरीची माती भिंतीला आणि धाब्याला चांगली म्हणून घरही तिचेच आणि घराखालची जागाही तीच. अशा घरात कोण राहत होते, हेही पाहायला हवे. ज्वारीचे पेव, डाळीच्या कणग्या, पुढच्या हंगामाचे बी, वेचून आणलेला कापूस, वखर-तिफण, कुटार, आणि भिंतीपलीकडे बैल. शेतकऱ्याच्या घरात आधी धान्याची जागा ठरायची. माणसे उरलेल्या जागेत निजायची. उन्हाळ्यात तर तीही नाही. पुरुष अंगणात, बायका-लेकरे धाब्यावर.

पण जुने घर म्हणजे ऐसपैस घर, हा समज दिवाळी अंकांतूनच फार पसरला आहे, आणि तो मला पटत नाही. सात खणांची घरे गावात मोजकीच. शेतमजुराच्या घराला तुराट्यांचा कूड आणि एकच खण. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तर घर वाढवायला पांढरी कुणाच्या मेहेरबानीने मिळणार हा प्रश्न. आणि सात खणांच्या घरातही प्रत्येकाला जागा होती असे नाही. बैठक पुरुषांची. माझ्या आजीला त्या घरात स्वतःची म्हणावी अशी जागा साठीनंतर मिळाली, ती खाटेची. त्याआधी महिन्याचे चार दिवस तिची जागा गोठ्याच्या दाराशी होती. घर किती मोठे हे खणांवर ठरत होते. त्यात कोणाला किती मिळायचे, ते जात, वय आणि बाईपण ठरवत होते.

*

खणाची जागा चौरस फुटाने घेतली ती शहरात. वऱ्हाडातली माणसे जिनिंग-प्रेसिंगच्या कामाला अकोल्या-अमरावतीला गेली. कोकणातली आणि घाटावरची मुंबईच्या गिरण्यांत. जाताना त्यांचे धान्य, गुरे, म्हातारी माणसे गावीच राहिली. शहराला फक्त काम करणारा माणूस हवा होता. तेव्हा त्याच्या घराचे माप काढायचे, तर तो रात्री आडवा होईल एवढेच काढायचे, हे ओघाने आले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि सरकारचे लक्ष पहिल्यांदा या खोल्यांकडे गेले. १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास, म्हणजे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. त्याच्या चाळी त्या बी.आय.टी. चाळी. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, दर मजल्याला सामाईक मोऱ्या आणि संडास. खोली १६० चौरस फूट. हेतू वाईट नव्हता. खासगी मालकांच्या चाळींत त्याहून भयंकर स्थिती होती. त्याच सुमारास गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करायला सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंना नेमले होते. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर पंधरा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत त्यांना सहा चुली दिसल्या. सहा चुली म्हणजे सहा कुटुंबे. लहानमोठी मिळून तीस माणसे. त्या सहा घरच्या बायकांपैकी तिघी दिवस भरत आलेल्या. बाळंतपण कुठे होणार असे विचारल्यावर पडद्याआडचा तीन-चार फुटांचा कोपरा दाखवण्यात आला. १८० चौरस फुटांत तीस माणसे, म्हणजे माणशी सहा चौरस फूट. उताणे निजलेल्या माणसालाही याहून जास्त जागा लागते.

अशा खोलीत माणसे कशी राहिली? जागा वाढत नाही, तेव्हा माणसे वेळ वाटून घेतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना हे कुटुंब परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत राहत होते. सुभेदार रामजी मुलाला संध्याकाळी लवकर निजवत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या रिकाम्या जागेवर स्वतः आडवे होत. एका माणसाची जागा दोघांनी रात्रीचे दोन भाग करून वापरली. पुढे बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले, तेव्हा त्यांच्याकडे ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या होत्या. आणि दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधताना त्यांनी आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला. एक खोली, दोन खोल्या, राजगृह, हा क्रम मी अनेकदा डोळ्यांपुढे आणतो. माणूस मोठा झाला म्हणून घर मोठे झाले, असे आपण म्हणतो. पण डबक चाळीत रामजींनी अर्धी झोप सोडून ती जागा मुलाला दिली नसती तर, हाही प्रश्न आहेच.

*

आता हे १००, १६०, १८० चौरस फुटांचे आकडे कुठून येतात ते पाहू. यात मला एक मजेशीर आणि थोडी अस्वस्थ करणारी गोष्ट सापडली.

जपानमध्ये जुन्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, गरीब कारागिरांच्या लाकडी चाळी होत्या. त्यांतले नेहमीचे घर नऊ शाकू रुंद आणि बारा शाकू खोल. शाकू म्हणजे जवळपास आपला फूट. हे क्षेत्र होते सुमारे १०७ चौरस फूट. मुंबईच्या चाळीतली ‘दहा बाय दहा’ म्हणजे १००. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत एकाच खोलीचे घर असेल, तर खोली किमान साडेनऊ चौरस मीटर हवी असे आहे. म्हणजे १०२ चौरस फूट. तीन वेगळे काळ, तीन वेगळी कारणे, आणि आकडा शंभराच्या आसपासच. जपानात घराचे माप तातामी चटईवर होते, आणि तातामी हे एका निजलेल्या माणसाचे माप.

जनगणनेत राहण्याची खोली कशाला म्हणायचे, याची कसोटीही हीच आहे; भिंती, दार, छप्पर असलेली आणि माणूस झोपू शकेल एवढी. त्या हिशोबाने २०११ मध्ये देशातल्या ३७ टक्के कुटुंबांकडे एकच खोली होती. केंद्राच्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीतल्या प्रत्येक कैद्याला निजायला ३.७१ चौरस मीटर जागा सांगितली आहे. म्हणजे बरोबर ४० चौरस फूट. बी.डी.डी.च्या १६० चौरस फुटांत चार माणसे धरली, तर माणशी ४० चौरस फूटच येतात. आणि गंमत म्हणावी की काय, १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या याच चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला होता.

१९२९ साली जर्मनीत फ्रँकफर्टला आधुनिक वास्तुकारांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचा विषयच होता, जगण्यापुरते किमान घर. महायुद्धानंतर घरांची भयानक टंचाई होती आणि त्या मंडळींचा हेतू कामगाराला स्वस्त, उजेडाचे, हवेशीर घर देण्याचा होता. पण किमान एकदा कागदावर आले की काय होते, हे आपण नंतरच्या शंभर वर्षांत पाहिले. ज्याला पैसे द्यायचे असतात, तो किमानापाशीच थांबतो. किमान म्हणून सुरू झालेला आकडा बघता बघता कमाल होतो.

*

इथून परत गावाकडे येऊ, कारण शहरात तयार झालेले हे माप आता आमच्याकडे आले आहे.

इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये सुरू झाली. तिच्यातले घर २० चौरस मीटरचे, म्हणजे २१५ चौरस फुटांचे. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर झाले, स्वयंपाकाच्या जागेसह. अनुदान सपाट प्रदेशात १ लाख २० हजार. हे २५ चौरस मीटर म्हणजेच २६९ चौरस फूट. घरकुलाच्या यादीत नाव लागलेल्या कुणालाही विचारा, हा आकडा त्याला पाठ असतो.

मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्विकासाचे आकडे आता याच्या शेजारी ठेवू. नव्वदच्या दशकाच्या आरंभी १८० चौरस फूट, १९९५ च्या योजनेत २२५, २००८ च्या सुमारास २६९, आणि अलीकडे ३००. बी.डी.डी.च्या रहिवाशांना तर आता पुनर्विकासात १६०च्या बदल्यात ५०० चौरस फूट मिळत आहेत. मुंबईत आकडा का वाढत गेला? कुटुंबे मोठी झाली म्हणून नव्हे. जमिनीची किंमत वाढली, विकासकाला वर विकायला मिळणारी जागा वाढली, आणि रहिवासी एकत्र राहून मागत राहिले, म्हणून वाढला.

म्हणजे काही वर्षे मुंबईच्या टॉवरमधले पुनर्वसनाचे घर आणि मालेगाव तालुक्यातल्या खेड्यातले घरकुल यांचा आकडा अगदी एक होता. मला हा योगायोग फार बोलका वाटतो. मुंबईतला माणूस कामावर जातो आणि घरी येऊन निजतो. आमच्याकडे घर हेच कामाचे ठिकाण आहे.

एक साधा हिशोब मांडतो. पाच माणसांच्या घरकुलात माणशी ५४ चौरस फूट येतात. पाच एकर सोयाबीन असेल, तर बऱ्या वर्षी साठेक कट्टे निघतात. पाचाची थप्पी लावली तर बारा थप्प्या. एका थप्पीला साडेचार चौरस फूट. म्हणजे झाली ५४ चौरस फूट. सोयाबीन हा घरकुलातला सहावा माणूस आहे. तो आला की कुणीतरी एक बाहेर जातो, बहुधा म्हातारा. किंवा मग दिवाळीच्या तोंडावर, भाव सर्वांत पडलेला असताना, माल थेट मंडीत जातो. हमीभावाच्या खरेदीचा नंबर लागेपर्यंत थांबायचे, तर कोरडी जागा पाहिजे. बाजार समितीत माल ठेवून त्यावर कर्ज देणारी तारण योजना आहे. पण तिथवर नेण्याचे भाडे, हमाली आणि वेळ यांचा विचार करून लहान शेतकरी विकून मोकळा होतो. जुन्या घरातले पेव आणि कणगी म्हणजे नुसती साठवण नव्हती. थांबण्याची ताकद होती. ती ताकद चौरस फुटांच्या हिशोबात कुठेच धरलेली नाही.

मग २६९ चुकीचे आहे का? असेही मी म्हणणार नाही. ज्या एका खणाच्या घरांविषयी वर लिहिले, तिथे आज पक्क्या भिंती, स्लॅब आणि संडास आहे. तुराट्यांच्या कुडात आयुष्य काढलेल्या बाईला ‘पूर्वीचे घर मोठे होते’ असे सांगायची माझी हिंमत नाही, आणि ते खरेही नाही. गावात घरकुले पाहत हिंडलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ज्यांच्या घरकुलाला लागून दोन्ही अंगांना रिकामी जागा आहे, तिथे दुसऱ्याच वर्षी पुढे टिनाची छपरी पडली होती, मागे न्हाणी झाली होती, एका बाजूला शेळ्या. सरकारने २६९ दिले आणि घराने स्वतःहून आपला दुसरा खण वाढवला. ज्यांच्या भिंतीला भिंत लागून शेजाऱ्याची आहे, ते घर २६९वरच थांबले. आणि ज्यांच्याकडे जागाच नाही, त्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला पैसे मिळतात, तेही ५०० चौरस फुटांपर्यंत. त्यात घर आणि संडास वजा जाता अंगण उरते ते खाट टाकण्यापुरते.

म्हणून कुटुंबाला जागा किती लागते, हा प्रश्नच मला आता अर्धा वाटतो. घर आज केवढे आहे यापेक्षा उद्या वाढायला त्याला वाव आहे का, हे आधी विचारायला हवे. निजलेल्या माणसांची बेरीज करून घर मोजले, तर ती बेरीज नेहमीच जुळते. जुळत नाही ती उभ्या माणसांची. घरात बाळंतीण असते, दहावीचे पोर असते, अंथरुणाला खिळलेले कोणी असते, माहेरी आलेली लेक असते. हे सगळे एकाच दिवशी असू शकते, आणि त्या दिवशी घर केवढे आहे ते कळते.

गावातून बाहेर पडलेल्या पोरांकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. माझा मुलगा पुण्याजवळ चाकणला नोकरीला आहे. चौघे मिळून एका खोलीत ‘कॉट बेसिस’वर राहतात. म्हणजे भाडे खोलीचे नव्हे, खाटेचे. इतक्या वर्षांच्या प्रवासानंतर घराचे माप पुन्हा नेमके एका निजलेल्या माणसाएवढे झाले आहे. त्याची तक्रार नाही. तो पंचविशीत आहे आणि त्याचे उरलेले घर इथे गावात आहे, असे तो धरून चालतो. खणाखणाने ते किती उरले आहे, हे अजून मी त्याला सांगितलेले नाही.

*

आमच्या फोडीची बैठक उन्हाळ्यात झाली. चार खणांचे दोन दोन करायला काहीच अडचण आली नाही. अडले ते ओसरीपाशी. २२ फूट लांब, ८ फूट रुंद, १७६ चौरस फूट. म्हणजे एकेकाच्या वाट्याच्या घराएवढीच ओसरी. भावाचे म्हणणे, मधोमध भिंत घालू आणि ८८-८८ लावून घेऊ. मुलाच्या लग्नाआधी एक खोली निघेल. त्याचे चूक नव्हते. नव्या सुनेला दार लावून घेता येईल अशी खोली हवी, हे माझ्या आजीच्या पिढीत कुणी म्हटले नसते. तो म्हणत होता.

माय खाटेवर बसून ऐकत होती. आता तिचे वय ऐंशीच्या पुढे. मी तिला विचारले, तुला किती जागा लागते?

“मले काय, खाटीपुरती पुरते,” ती म्हणाली. “पन पोरी आल्या तं बसतीन कुठी?”

माझ्या दोन बहिणी आहेत. कायद्याने त्यांचाही हिस्सा आहे. त्यांनी तो मागितला नाही, आणि आम्ही विचारलाही नव्हता. १९७४च्या कागदात आत्यांचा उल्लेख नाही. तीस माणसांच्या खोलीतल्या तीन गरोदर बायकांविषयी वाचून हळहळणारा मी, स्वतःच्या घराचे चौरस फूट दोनदा मोजूनही बहिणींना त्यात धरायचे विसरलो होतो.

नंतर महिनाभर चर्चा झाली. भावाने मागच्या परसात, त्याच्या दोन खणांना लागून एक खोली काढायचे ठरवले. जागा थोडी माझ्याकडची गेली. ओसरीला भिंत घातली नाही. नवा कागद मी स्वतः लिहिला. मापे चौरस फुटांत आहेत, कारण तशीच लागतात. जुन्या कागदातले खाटेचे कलम तसेच ठेवले आहे. त्याखाली एक ओळ वाढवली आहे: ओसरी सामाईक राहील, आणि तिच्यावर चौघा भावंडांचा सारखा हक्क राहील. या कागदावर पंचांसोबत दोन्ही बहिणींच्याही सह्या आहेत. यंदाच्या दिवाळीत त्या दोघी भाऊबीजेला येणार आहेत, आणि मायची खाट तेवढ्यापुरती भिंतीकडे सरकवावी लागणार आहे.